उपाशी पोर पाहिजे

"उद्या मंजूला सकाळपासून काही खाऊ घालू नको. उपाशी आण."

असं वैनी म्हणाल्या. मी मोरीवर भांडी घासत बसले होते. त्या मागून आल्या, वाकल्या, माझ्या पदराचं टोक ओढलं आणि त्यानं मोबाईलच्या मागची काच पुसायला लागल्या. पदर माझ्या अंगावर, टोक त्यांच्या हातात. काच पुसून होईपर्यंत मी मान तिरकी करून तशीच बसून राहिले.

"आज पोट भरून आली होती ती. दोन घास खाल्ले आणि छताकडं बघत बसली. आपण सांगतोय भुकेल्या मुलांसाठी झटपट खाऊ, आणि मूल जांभया देतंय. मजा नाही आली."

शनिवारची सकाळची शाळा. मंजू शाळेतली खिचडी खाऊन आली होती. एवढाच तिचा गुन्हा.

मंजू माझी मुलगी. सहा वर्षांची, पहिलीत जाते. ती हौदाला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं. वैनींनी तिच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "उद्या उपाशी आलीस तर मोठं चॉकलेट देईन हं." मंजूनं मान हलवली. मी "बरं वैनी" म्हणाले. त्या घरात कशालाही "बरं" म्हणायची सवय तोंडाला लागलेली होती.

हे घर झरी गावातलं. दारात दोन ट्रॅक्टर, मागं हळदीचं आणि सोयाबीनचं रान, नजर पोचेपर्यंत त्यांचंच. वैनी म्हणजे घरची धाकटी सून. नांदेडची, शिकलेली. खेड्यात करमेना म्हणून मोबाईलवर खाऊचे व्हिडिओ करायला लागल्या. आम्ही शेळ्या-मेंढ्यांवाले. माझं माहेर पालमकडं, सासर इथलंच. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. नवरा शेळ्या राखतो, सुगीत मजुरीला जातो. मी त्या घरची धुणीभांडी करायची. व्हिडिओ सुरू झाल्यापासून चिरणं-कुटणंही माझ्याकडं आलं.

व्हिडिओत वैनी म्हणायच्या, "आयांनो, मुलं शाळेतून भुकेली आली की घाबरू नका. फक्त पाच मिनिटं." ती पाच मिनिटं कशी व्हायची ते मी सांगते. सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा उपमा, करायची तर मुरमुरे मी निवडायचे, मी भिजवायचे, मी पिळायचे. कांदा, मिरची मी चिरायची. दाण्याचं कूट मी करायचं. सगळं काचेच्या इवल्या इवल्या वाट्यांत मांडून झालं की वैनी हातात बांगड्या भरून यायच्या आणि एकेक वाटी कढईत पालथी करायच्या. झाली झटपट सुशीला. रिकाम्या वाट्या परत माझ्या मोरीवर. त्याचं मला काही नव्हतं. राबायची लाज मला कधी वाटली नाही, आजही वाटत नाही.

त्यांची अडचण वेगळी होती. खाणारं पोर मिळेना. घरात पोर होतं, विहान, पाच वर्षांचा. पण तो खाईना. त्याच्या मागं दिवसभर कुणी ना कुणी वाटी घेऊन पळत असतं. भूक लागायच्या आत घास तोंडाशी येतो, मग त्या बिचाऱ्याला भूक कळणार कशी. कॅमेऱ्यापुढं त्यानं एकदा आप्प्याचा घास थुंकला. पुढच्या वेळी वाटीच लाथाडली, ती वैनींच्या साडीवर.

अशात एका सुट्टीच्या दिवशी मंजू माझ्याबरोबर आली होती. व्हिडिओ झाल्यावर उरलेलं तिला कागदावर दिलं होतं. ती हौदाजवळ उकिडवी बसून खात होती. दोन्ही हातांनी, मान खाली घालून, बोटं चाटत. वैनींनी खिडकीतून बघितलं. "अय्या, कशी खाते बघा ही," असं म्हणत त्या मोबाईल घेऊनच बाहेर आल्या. मग मंजूचं तोंड धुवून झालं. विहानचा जुना टी-शर्ट तिच्या अंगात घातला. तिला जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा एक बशी भरली. मंजूनं ती पण संपवली.

तो व्हिडिओ लय चालला म्हणे. नवऱ्याच्या मोबाईलवर मी पण बघितला. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती गोड मुलगी, तुमची का हो. वैनींनी उत्तर दिलं होतं, "नाही हो, कामवालीची आहे." पुढं हसरा चेहरा. नवरा म्हणाला, आपली मंजू टीव्हीत आल्यासारखी दिसतीय. मला पण आधी बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग दर सुट्टीला, शनिवारी शाळा सुटल्यावर पण, मंजू खुर्चीवर. कॅमेरा चालू असेपर्यंत ती लाडकी लेक. कॅमेरा बंद झाला की मोठ्या बाईंचा आवाज यायचा, "उतर ग खाली." मोठ्या बाई म्हणजे वैनींच्या सासूबाई. मंजू उतरली की त्या ओलं फडकं आणायला लावायच्या आणि खुर्ची पुसून घ्यायच्या. पुसायची मीच. माझं लेकरू बसलेली जागा माझ्याच हातानं पुसायची. आणि ज्या बशीत तिनं मोबाईलवर सगळ्या जगासमोर खाल्लं, ती बशी परत घरात जायची नाही. ती हौदाच्या कोनाड्यात, माझ्या चहाच्या कपाशेजारी.

आणखी एक होतं. खाऊ तयार व्हायचा, घरभर वास सुटायचा, मंजूला खुर्चीवर बसवलेलं असायचं आणि बशी समोर असायची. "थांब बेटा, लाईट नीट नाही." "थांब, विहानला झोपू दे." "थांब, मावशीचा फोन आलाय." मंजू आवंढे गिळत बशीकडं बघत बसायची. मला वाटायचं, असेल त्यांच्या कामाची रीत. उशीर होत असेल.

त्या शनिवारी मोरीवर बसल्या बसल्या मला कळलं. उशीर होत नव्हता, त्या उशीर करत होत्या. भाजी मुरायला ठेवावी तशी माझ्या लेकराची भूक मुरायला ठेवत होत्या.

तरी भांडी संपवली आणि घरी आले.

दिवस कलायला आला होता. शेळ्या रानातून आलेल्या. नवऱ्यानं एक बोकड बाजूला खुंटीला बांधला होता, बाकीच्यांपासून लांब. बाकीच्या पाल्यावर तुटून पडलेल्या आणि हा एकटा ओरडतोय. मी कडुलिंबाच्या दोन डहाळ्या उचलून त्याच्याकडं निघाले.

"त्याला टाकू नगं," नवरा म्हणाला. "सकाळच्याला बाजारात न्यायचाय."

मला हे माहीत होतं. शेळ्यांच्या घरात जन्मले मी. विकायचं जनावर आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात. बाजारात गिऱ्हाईक समोर आलं की पिशवीतून बाभळीच्या शेंगा काढून पुढं करायच्या. जनावर असं तुटून पडतं की गिऱ्हाईक म्हणतं, खातंय की चांगलं, निरोगी हाय. माझा बाप असंच करायचा. त्याचा बाप पण असंच करत असेल.

मंजू माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. बोकडाकडं बघत तिनं विचारलं, "माय, ह्याला बी उपाशी न्ह्यायचं का?"

पोर सहज बोलली होती. तिला वाटलं, जसं तिचं काम तसं बोकडाचं. मी हातातल्या डहाळ्या बोकडापुढं टाकल्या. नवरा ओरडला, "येडी झालीस का?" मी म्हणाले, "खाऊ दे त्याला." तो बडबडत राहिला, बोकड खात राहिला.

रविवारी सकाळी मी भाकरी टाकली. तव्यावरची पहिली भाकर मंजूला दिली, वर तेल आणि शेंगदाण्याची चटणी. तिनं ताटली सरकवली.

"नगं माय. वैनी रागावत्याल."

"भूक न्हाई लागली का?"

"लागलीय की. पन मी दाबून धरलीय."

खरंच दाबून धरली होती. दोन्ही हात पोटावर, गुडघे वर घेतलेले. तोंडावर शहाणपण. पाठ केलेला धडा शाळेतल्या बाईंना म्हणून दाखवणाऱ्या पोरीसारखं. मला रडू आलं आणि संताप आला, दोन्ही एकदम. आतापर्यंत आमच्या घरात भूक असायची तेव्हा ती गरिबीची असायची. ज्वारी संपलेली असायची, पाऊस लांबलेला असायचा. घरात भाकर असताना पोर दुसऱ्याच्या हुकमानं उपाशी बसलेली मी कधी बघितली नव्हती. आणि ही स्वतःहून बसली होती. उपाशी राहणं हे आपलं काम आहे, असं माझ्या मुलीच्या डोक्यात बसलं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर ते कायमचं बसलं असतं.

मी तिला बखोटीला धरून अंगणात नेलं. जवळची शेळी पकडली, तिचा मागचा पाय गुडघ्यांत दाबून धरला आणि मंजूला म्हणाले, तोंड उघड. रानात माझी आई आम्हाला असंच पाजायची. मेंढरांमागं फिरताना चूल कुठली आणि भांडं कुठलं. लेकरू रडलं की हाताशी येईल ती शेळी धरायची आणि धार थेट तोंडात. मंजूनं आधी ओठ मिटून घेतले. मी धार तिच्या नाकावर मारली. ती हसली, तोंड उघडलं आणि मग प्यायलाच लागली. हनुवटीवरून दूध फ्रॉकवर, फ्रॉकवरून पायांवर. मग दीड भाकर खाल्ली, वर गूळ. पोट पुढं काढून ढेकर दिली. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चल आता."

न जाता आलं असतं. पण मला जायचं होतं.

त्या दिवशी वैनींच्या घरी धांदल होती. कुठल्याशा कंपनीनं ढोकळ्याच्या पिठाची पाकिटं पाठवली होती. असं पहिल्यांदाच झालं होतं, म्हणून नवी साडी, टेबलावर फुलं. मी ढोकळा वाफवून, कापून, फोडणी देऊन बशीत लावला. मंजू खुर्चीवर बसली. नेहमीसारखं थांबवणं झालं. लाईट झाली, फोन झाला. मंजू आरामात पाय हलवत बसली होती. बशीकडं बघत पण नव्हती.

कॅमेरा सुरू झाला. वैनी गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्या बेटाला लय भूक लागलीय. हो ना? लागली ना भूक?"

मंजूनं माझ्याकडं बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी तिला मानेनं सांगितलं, बोल.

"न्हाई," मंजू म्हणाली. "माझं पोट भरलंय."

वैनींनी कॅमेरा बंद केला, पुन्हा सुरू केला. ढोकळ्याचा तुकडा मंजूच्या ओठाला लावला. मंजूनं ओठ मिटले. तुकडा दाबला, तो चुरा होऊन टी-शर्टावर पडला. मग वैनींनी डाव्या हातानं तिचे गाल दोन्ही बाजूंनी दाबले, तोंड उघडावं म्हणून. बाजारात गिऱ्हाईक दात बघायला बोकडाचा जबडा असाच दाबतं.

मी पुढं गेले आणि तो हात मनगटाला धरून बाजूला केला. मालकिणीच्या अंगाला मी कधी हात लावला नव्हता.

"खाऊ घालून आणलंस हिला?" वैनींनी विचारलं.

"हो. पोटभर."

"मी काय सांगितलं होतं?"

"उपाशी आन म्हनल्या व्हत्या."

"मग?"

"उपाशी पोरच पायजे असंल तर उद्या सकाळपासून विहानला ठिवा. खाईल की तो बी."

हे मी शांतपणे म्हणाले. शिवी नव्हती त्यात, आवाज चढवलेला नव्हता. पण वैनींचं तोंड पांढरं पडलं. मोठ्या बाई देवघरातून धावत आल्या आणि विहानला त्यांनी कडेवर घेतलं. एवढा घोडा झालेला पोरगा, त्यांना पेलवेना तरी घेतला.

"जीभ झडंल तुझी. आमच्या लेकराला उपाशी ठिव म्हनतीस? सणासुदीला जेवतीस आमच्या दारात, आन तू आमच्याच घरच्याला तळतळाट द्यायलीस?" आणि मग माझ्याकडंच बघून म्हणाल्या, "जा, मीठ-मोहऱ्या आन. आधी दिष्ट काढू दे त्याची."

माझीच लागलेली दृष्ट काढायची होती आणि मीठ-मोहऱ्या पण मीच आणायच्या होत्या. इतकी त्यांना माझी सवय. माझे पण पाय डब्याकडं वळले होते, ते मी जागच्या जागी थांबवले.

"न्हाई आनत," मी म्हणाले.

त्या घरात मी म्हटलेलं पहिलं "नाही" ते. एका मिठासाठी म्हटलेलं.

तिथं उभी असताना मला सगळं स्वच्छ दिसलं. शब्द तेच होते. सकाळपासून खाऊ घालू नको, उपाशी ठेव. माझ्या मुलीबद्दल बोलले तेव्हा ते काम होतं. त्यांच्या मुलाबद्दल बोलले तेव्हा तो शाप झाला, त्याची दृष्ट काढायची पाळी आली. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. लेकराला उपाशी ठेवणं किती वाईट ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. माझी मुलगी त्या लेकरांत मोजायची नव्हती, इतकंच.

इथपर्यंत मी वैनीला अहो-जाहो केलं. आता करणार नाही.

"उतर ग खाली," मोठ्या बाई मंजूवर ओरडल्या. मी मंजूला खाली घेतलं. तिच्या अंगातला तो टी-शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "खुर्ची पुसायची असंल तर फडकं मोरीवर हाय," म्हणाले आणि पोरीला उघडीच कडेवर घेऊन फाटकातून बाहेर पडले. वैनी मागून म्हणाली, "माजलात तुम्ही लोक." मी वळून बघितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सालगड्यानं निरोप आणला. तुमच्या शेळ्या आमच्या रानात दिसल्या तर कोंडवाड्यात जातील. गावाच्या अंगाचं निम्मं रान त्यांचंच. नवरा आता शेळ्या ओढ्यापलीकडं लांब नेतो, अंधार पडायला येतो. तो मला म्हणाला, "जाऊन पाया पड एकदा. काय जातंय तुझं?" मी म्हणाले, "न्हाई पडत." त्याचाही राग मी समजू शकते. पण त्याच्यासाठी पण मी पाया पडणार नाही. गावातल्या इतर मोठ्या घरांनीही मला काम दिलं नाही, आता मी शेजारच्या गावात मजुरीला जाते. त्यांच्यात असल्या गोष्टी लवकर पोचतात.

एकदाच मी त्या फाटकाशी गेले. माझ्या पोरीचे व्हिडिओ काढून टाका, एवढं म्हणायला. वैनी ओट्यावरूनच बोलली, "इतके दिवस फुकट खाऊ घातलं तिला, ते विसरलीस?" व्हिडिओ अजून तसेच आहेत. त्यात माझी मुलगी अजून आवंढा गिळते आणि लोक खाली अजून हसरे चेहरे टाकतात. मी ते पुसू शकत नाही. मला ते रोज आठवतं आणि रोज राग येतो, तो कमी झालेला नाही. मला तो कमी करायचाही नाही.

आता वैनीला दुसरं पोर पाहिजे. आमच्याच वस्तीतल्या सुमनला तिनं कामाला लावलं, माझ्या जागी. सुमनला पाच वर्षांची मुलगी आहे. पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं गेलं, रविवारी पोरीला घेऊन ये, उपाशी आण. सुमन माझ्याकडं आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "काय करू ग? काम सुटलं तर मी काय खाऊ?"

जाऊ नको म्हणायला माझी जीभ वळली नाही. तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. मी म्हणाले, "जा तू. पन पोरीला आधी माझ्याकडं धाड."

म्हणून आता रविवारी माझी चूल गावाच्या आधी पेटते. सुमनची पोर येते, तिच्या मागं आणखी पोरं येतात. ज्वारीची गरम भाकर, तेल, तिखट, शेळीनं दिलं तर दूध. पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ घालते आणि मगच सोडते. जा आता, बस खुर्चीवर. सुमनची पोर तिथं जाऊन डुलक्या काढते. दोन वेळा व्हिडिओ झालाच नाही. मग निरोप आला, तू हे मुद्दाम करतेस. हो. मुद्दाम करते. वस्तीतले लोक म्हणतात, लय माया आहे हिच्यात. मायेचं मला माहीत नाही, मी रागानं पीठ मळते. सुमनच्या जागी उद्या दुसरी कुणी आली तर तिचंही पोर माझ्या चुलीवरूनच त्या फाटकात जाईल. वर्षभर, दहा वर्षं, जोवर वैनी व्हिडिओचा तो गोल दिवा लावून बसेल तोवर. ज्वारी कमी पडली तर मी माझी भाकर पोरांना देईन आणि तशीच कामाला जाईन. माझी भूक तिच्या कॅमेऱ्याच्या काही कामाची नाही.